नवी वाटमारी

गेल्या दिवाळीत आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस आपल्या नव्या 'शेतावर' जेवावयास बोलाविले होते. 'शेत' हा शब्द त्यांचाच; आमच्या दृष्टीस तेथे हिरवळीचा एक पट्टा, चार गुलाबाची झाडे व एक तुळशीवृंदावन एवढीच शेती पडली. जेवण उत्तम झाले. विडे खाऊन पडवीत बसलो असता समोरच्या डोंगराकडे बोट करून आम्ही सहज विचारले, "तिकडे जाण्यास वाट कोठून?" स्नेही म्हणाले, "वाट पूर्वी होती. ह्या आपल्या अंगणातूनच होती. कुंपण घातले तेव्हा बंद केली. आता गावोगाव डांबरी सडका झाल्या. पायवाटेचे काम काय उरले?" जमलेल्या मंडळींनी माना डोलाविल्या, आणि खरे सांगावयाचे तर, पोटात त्यांचेच अन्न असल्यामुळे, आम्हीही काही बोललो नाही. त्या वेळी जे बोलावयास हवे होते ते आज येथे बोलावयाचे आहे.

हा प्रश्न एकट्या आमच्या स्नेह्यांचा असता तर त्याची वाच्यता मासिकातून करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मावळात, मुळशीत, कर्जत-मुरबाडकडे, किंबहुना जेथे म्हणून डोंगर दिसतो व मोटार पोहोचते तेथे तेथे, अशी 'शेते' उगवली आहेत. आणि त्यांचे धनी कोणी परके नसून आपणच, म्हणजे असली मासिके विकत घेऊन वाचणारी सुशिक्षित मंडळी, आहोत. जुन्या काळचे वाटमारे वाटसरूस लुटीत, पण वाट शाबूत ठेवीत. कारण वाटच मोडली तर त्यांचा धंदा बसावयाचा. आजचा वाटमारा वाटसरूच्या केसासही धक्का लावीत नाही. तो फक्त वाट मारतो; आणि ते करीत असता आपण काही अन्याय करीत आहो अशी शंकाही त्याच्या मनास शिवत नाही.

ह्यास कोणी अतिशयोक्ती म्हणेल. त्याने आम्ही मार्गशीर्षात केलेल्या दोन दिवसांच्या पायपिटीची हकीकत ऐकावी व मग आपला निर्णय द्यावा.

कॉलेजातील दोन विद्यार्थी बरोबर घेऊन आम्ही नाणेघाट चढून जुन्नरास जाण्याचा बेत केला. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एस. टी.ने सकाळी वैशाखऱ्यास उतरलो आणि सडक सोडून रानात शिरलो. पायथ्याशी साग, ऐन, कुडा ह्यांची दाटी आहे. साग पानगळीस लागलेला, त्याची मोठाली वाळकी पाने पायाखाली पापडासारखी मोडत होती. पुढे कारवीचे रान लागले आणि चढ अंगावर आला. सुमारे दोन हजार फुटांचा हा चढ. पण वाट इतकी विचारपूर्वक काढलेली की पन्नाशी उलटलेल्या, खुर्चीत बसून शिकविणाऱ्या माणसासही तिने कोठे अडविले नाही. जेथे कडा आड आला तेथे पायऱ्या खोदल्या आहेत. जेथे तहान लागावी तेथे कातळात पाण्याची टाकी आहेत. वाट काढणाऱ्यास चालणाऱ्याची कणव होती, हे पावलोपावली जाणवते.

घाटमाथा जवळ आला की ते सुप्रसिद्ध लेणे लागते. आत भिंतींवर ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या घराण्याने केलेले यज्ञ व त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण ह्यांची त्यात नोंद आहे. मागील भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्यांची नावे अद्याप वर कोरलेली आहेत : सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी आणि इतर. मूर्ती मात्र नाहीशा झाल्या आहेत. राहिल्या आहेत त्या त्यांच्या पावलांच्या खुणा. वर नाव आणि खाली पाऊल. मधले राजे काळाने नेले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी एक जण हसून म्हणाला, "सर, ह्यांनी घाट बांधला म्हणून निदान पाय तरी राहिले." मुलाचा विनोद आम्हांस पटला. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून उतरलेला माल ह्याच वाटेने जुन्नरच्या पेठेत जात असे. आणि जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत जी दोनशेहून अधिक लेणी कोरली गेली त्यांमागे ह्या वाटेवरून चाललेल्या व्यापाराचे द्रव्य होते. माथ्यावरील नाळेतून वर आले की एक दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी त्यात पडत अशी लोकांची समजूत आहे. जकात खरोखर रांजणात पडे की कोणा कारकुनाच्या हाती, हा वाद बाजूस ठेवू. राजाने वाटेवर कर बसविला असेल. पण वाट बंद केली नाही, एवढे निश्चित.

ती रात्र घाटघरास काढली. दुसरे दिवशी उजाडता निघालो. भाताची खाचरे कापून झाली होती. खळ्यांच्या कडेस पेंढ्याच्या उडव्या रचल्या होत्या. बांधावरून जाता जाता दवाने पायतण भिजत होते. उजवीकडे जीवधनचा कातळ उन्हात हळूहळू तांबूस होत होता. कोठे एखाद्या घराच्या ओट्यावरून "कुठलं पाव्हणं?" अशी हाक येई आणि आमचे उत्तर पुरते ऐकण्यापूर्वीच चहाचे आधण ठेवल्याचा आवाज येई. ह्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळ्यांची वस्ती आहे आणि रानातील हिरडा वेचून विकणे हा त्यांचा जुना उद्योग आहे. हिरड्याची झाडे काही सडकेच्या कडेस रांगेत उभी नसतात. कोणते झाड कोणाचे आणि त्याकडे कोणी कोठून जावयाचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. आपणांस जी रानातील मोहक पाऊलवाट दिसते ती त्यांच्या हिशेबी घर आणि पोट ह्यांमधील रस्ता आहे. पुरास कुकडेश्वराचे जुने कोरीव देवालय पाहिले आणि तेथून चावंड उजवीडावीकडे ठेवीत, कधी सडकेने तर कधी पायवाटेने, जुन्नरची दिशा धरली.

त्या दिवशीच्या मजलीत एके ठिकाणी (गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष त्या गावाचा नव्हे) आमची पायवाट एकाएकी संपली. समोर सिमेंटचे खांब व त्यांवर काटेरी तारेच्या सहा ओळी. एका खांबावर फलक : 'खाजगी मालमत्ता. आत येऊ नये.' तारेपलीकडे आमची वाट पुढे गेलेली स्पष्ट दिसत होती. गवत वाढले होते, तरी मधली जमीन पावलांनी दबलेली होती. पलीकडे लाल कौलांचा बंगला होता व त्यावर सुरेख वळणदार अक्षरांत नाव होते 'रानवाट'. वाचकहो, हे नाव आम्ही पदरचे घातलेले नाही. धन्यास रानवाट आवडत होती ह्याविषयी संशय नको. ती इतकी आवडली की त्याने ती विकत घेऊन कोंडून ठेवली.

आम्ही उभे असताच डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी मागून आली आणि तारेपाशी न थांबता कुंपणाच्या कडेकडेने ओढ्यात उतरू लागली. आम्ही विचारले, "आजी, इकडून वाट नव्हती का?"

"व्हती की. माझ्या सासूच्या सासूपासून व्हती."

"मग तुम्ही कोणाला सांगितले नाही?"

म्हातारीने मोळी सावरली. "कुनाला सांगावं? सायेब वाईट न्हाई. दिवाळीला पोरांला फराळ देतो. पर वाट न्हाई देत."

एवढे बोलून ती ओढ्यात उतरली. आम्हीही तिच्या मागोमाग गेलो. त्या कुंपणास वळसा घालून पुन्हा वाटेस लागण्यास आम्हा रिकाम्या हातांच्या माणसांस पंचवीस मिनिटे लागली. म्हातारीच्या डोक्यावर ओझे होते आणि हा वळसा तिला दररोज होता. परत वाटेवर येतो तो शाळेस निघालेली तीन मुले दिसली. त्यांनी वळसा घेतला नाही. दप्तरे तारेखालून पलीकडे सारली, एकाने तळची तार पायाने दाबून धरली, आणि एकामागून एक सरपटत ती आत गेली. कायद्याच्या भाषेत त्या मुलांनी अतिक्रमण केले. आमच्या मते अतिक्रमण तेथे अगोदरच झाले होते, आणि ते त्या मुलांनी केलेले नव्हते.

आता पूर्वपक्षाकडे वळू. आमच्या स्नेह्यांच्या वतीने जे जे म्हणता येईल ते प्रामाणिकपणे मांडून त्याचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप मालकीचा. 'जमीन आम्ही रोख पैसे मोजून घेतली. तीत कोणी पाय ठेवावा हे आम्ही ठरवू.' ह्यावर आमचे उत्तर असे की, आपण जमीन घेतली. वाट घेतली नाही, कारण ती विकण्याचा अधिकार विकणाऱ्यासही नव्हता. प्रत्येक गावाचा नकाशा असतो आणि त्यावर गाडीमार्ग व पायमार्ग रेघांनी दाखविलेले असतात. नुसत्या पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरण्याचा महसुली प्रघात आहे. जे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व वाटा कोणा व्यक्तीच्या मालकीच्या नाहीत त्या राज्याच्या, असे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या विसाव्या कलमात म्हटले आहे. आणि शेतात जाण्यास बांधावरून वाट देण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या १४३ व्या कलमाने तहसीलदारास दिला आहे. नकाशावर रेघ नाही म्हणून वाट नाही, असेही नव्हे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे उघडपणे, निर्वेधपणे व हक्काने चाललेल्या वापरातून वाटेचा हक्क उत्पन्न होतो. आणि शेताकडे, कुरणाकडे वा झाडांकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडविली तर ती मोकळी करून देण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. मात्र ह्या शेवटल्या कायद्यात एक मेख आहे : अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. जिला "कुनाला सांगावं" हाच प्रश्न पडतो तिचे सहा महिने केव्हाच उलटून गेलेले असतात. दिवाळीच्या फराळाचा एक उपयोग असाही होतो.

कायद्याचे राहो, भाषेला विचारा. मालकीहून निराळा, वापराने सिद्ध होणारा जो हक्क त्यास आपण 'वहिवाट' म्हणतो आणि त्या शब्दाच्या पोटातच वाट आहे. आपल्या पूर्वजांनी हक्काची कल्पना चालण्यावरून घेतली. आपण ती खांब व तार ह्यांवरून घेऊ लागलो आहोत.

ह्याच संदर्भात एक गंमत सांगण्याजोगी आहे. शेतजमीन कसणाऱ्याच्या हाती राहावी म्हणून १९४८ च्या कुळकायद्याने बिगरशेतकऱ्यास ती घेण्यास मज्जाव केला. तेव्हा ज्यांस असे 'शेत' हवे असते त्यांतील कित्येकांस प्रथम कागदोपत्री शेतकरी व्हावे लागते. आजोबांचा कोकणातील विसरलेला उतारा शोधून काढला जातो, त्यावर नाव चढविले जाते आणि एका सुप्रभाती आमचे वकील, डॉक्टर व प्राध्यापक शेतकरी होतात. शेतकरी होण्यास हरकत नाही. पण खऱ्या शेतकऱ्यास ठाऊक असते की बांधावरून शेजारी जातो, त्याची गुरे जातात, मुले जातात. सातबाऱ्यावर नाव चढले तरी हे ज्ञान आपोआप अंगी चढत नाही.

दुसरा आक्षेप आम्हांस अधिक वजनदार वाटतो. 'शहरातील माणसे वाटांनी येतात ती घाण करून जातात. गोंगाट, बाटल्या, प्लॅस्टिक. कुंपण घालावे नाही तर काय करावे?' ह्यातील वस्तुस्थिती आम्हांस मान्य आहे. पावसाळ्यात नाणेघाटाच्या माथ्यावर, वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहण्यास सुट्टीच्या दिवशी जो मेळा भरतो त्याची साक्ष तेथील गवत महिनोन्‌महिने देत असते. परंतु तो मेळा चालत आलेला नसतो. जुन्नरहून सडक माथ्यापर्यंत जाते; मोटारी तेथवर येतात आणि घाण मोटारीपासून हाकेच्या अंतरावर होते. जो वैशाखऱ्याहून घाट चढून आला आहे त्याच्या पाठीवर तेवढे ओझे मावतच नाही. घाणीचा बंदोबस्त अवश्य करा. पण ती ज्या दाराने येते ते दार बंद करा. मोटारवाल्यांच्या पापासाठी मोळीवालीला दंड करणे हा न्याय कोणत्या स्मृतीत सांगितला आहे?

तिसरा आक्षेप निसर्गप्रेमी मंडळींचा. 'माणसांचा वावर थांबला तर रान वाचेल.' आम्ही नम्रपणे विचारतो की, ज्या देवराया आज आपण छायाचित्रे काढून दाखवितो त्या कोणी राखल्या? आंबेगाव तालुक्यातील आहुप्याची देवराई ज्यांनी सांभाळली ते त्या रानातून रोज ये-जा करणारेच लोक होते. वणवा प्रथम दिसतो तो वाटेवरच्या माणसास; कुऱ्हाडीचा आवाज प्रथम ऐकू येतो तोही त्यालाच. शिवाय कुंपण पडल्यावर आत रान राहते असा आमचा अनुभव नाही. करवंदीच्या जाळ्या खणून काढून तेथे परदेशी गवताचा गालिचा अंथरला जातो व उन्हाळ्यात त्यावर विहिरीचे पाणी शिंपडले जाते. गावाची विहीर त्याच दिवसांत आटलेली असते, हे वेगळे सांगावयास नको.

चौथा आक्षेप खुद्द गावाच्या वतीने घेतला जातो आणि आमच्या मते तोच सर्वांत विचारार्ह आहे. 'खेड्यातील तरुणांजवळ आता मोटारसायकली आहेत. त्यांस सडक हवी आहे. पायवाटांचे प्रेम हे शहरी माणसाचे चोचले आहेत. तुम्हांस दोन दिवस चालून बरे वाटावे म्हणून का त्यांनी जन्मभर चालावे?' मुळीच नव्हे. अडलेल्या बाळंतिणीस झोळीत घालून घाट उतरविण्याची पाळी कोणावर येऊ नये. सडक हवी, एस. टी. हवी, दवाखाना हवा. परंतु सडक झाली म्हणून पायवाट अनावश्यक झाली, हे अनुमान केवळ ज्याच्या दारी वाहन उभे आहे त्यालाच सुचते. एस. टी. दिवसातून दोनदा येते. शाळा रोज असते. सडक गावाहून तालुक्यास जाते. पायवाट घराहून विहिरीकडे, वाडीहून वाडीकडे, शेताहून रानाकडे जाते. दोहोंची कामे निराळी आहेत. शहरात हमरस्ते रुंद झाले म्हणून आपण आपल्या वाड्याचा बोळ शेजाऱ्यास बंद करू दिला आहे काय? तेथे चार बोटांच्या जागेसाठी तीन पिढ्या दिवाणी दावे चालतात.

आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवून पोट भरतो. वर्ड्‌स्वर्थ शिकविता शिकविता डोक्याचे केस पांढरे झाले. त्या कवीच्या डोंगरांतील भटकंतीवर आपल्या सुशिक्षित वर्गाचे प्रेम आहे. परंतु त्याच्या देशाकडून घेण्याजोगी जी गोष्ट होती ती आपण घेतली नाही. ती कवीच्या हातची नव्हेच. १८४४ साली केंडलहून विंडरमियरला आगगाडी नेण्याचे ठरले तेव्हा ह्याच वर्ड्‌स्वर्थने त्यास जोराचा विरोध केला. गिरण्यांतील मजुरांचे लोंढे येऊन सरोवरांची शांतता भंगेल अशी भीती त्यास वाटली. म्हणजे निसर्गाच्या थोर उपासकासही दार आपल्या मागे लावून घ्यावेसे वाटले! दार उघडले ते दुसऱ्यांनीच. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडील शेकडो कामकरी तरुण, शिकारीसाठी राखलेल्या किंडर स्काउटच्या माळावर बंदी मोडून चढले. त्यांतील पाच जणांस कारावास झाला. पुढे १९४९ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधील स्थानिक मंडळांवर लोकांच्या पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे बंधन आले. २००० च्या कायद्याने डोंगर व माळरानांवर पायी हिंडण्याची मुभा मिळाली. तेथील जमीनदार काही भिकेस लागले नाहीत. त्यांच्या शेतांतून वाट जाते, कुंपणास दरवाजा असतो, जाणारा तो उघडतो व पुन्हा लावून पुढे जातो. आपण त्या लोकांपासून हिरवळ घेतली, गुलाब घेतले, संध्याकाळचा चहा घेतला. तेवढा तो दरवाजा घेतला नाही.

आणि आपणांस परदेशाचा दाखला तरी कशास हवा? पायी चालणे हीच ज्यांची उपासना अशा वारकऱ्यांचा हा देश आहे. दरवर्षी आषाढात लाखो माणसे पंढरीस चालत जातात, आणि ज्यांच्या शेतातून वा दारावरून दिंडी जाते ते स्वतःस धन्य मानतात. गोडसे भटजींनी १८५७ च्या धामधुमीत केवढा मुलूख पायांखाली घातला हे त्यांच्या 'माझा प्रवास'वरून सर्वांस ठाऊक आहे. पाणंद, खिंड, नाळ, पाखाडी, बैलघाट, शिडीची वाट : चालणाऱ्यांनी आपल्या भाषेस दिलेली ही संपत्ती आहे. आमच्या वर्गात 'पाणंद' शब्दाचा अर्थ विचारला तेव्हा चाळीस विद्यार्थ्यांपैकी तिघांस सांगता आला, आणि ते तिघेही खेड्यांतून आलेले होते. शब्दकोशात शब्द जपून ठेवता येतो, पण तो ज्या दोन बांधांमधून जात होता ती जागा कोशात मावत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय दुसऱ्यांच्या अंगणावर फार बोलतात. तेव्हा आमचेही अंगण दाखविणे प्राप्त आहे. पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका डोंगराच्या कुशीतील तुकड्यासाठी आम्ही बयाणा दिला होता. चारी बाजूंनी कुंपण, पहारेकरी, आणि 'बाहेरच्यांचा उपद्रव नाही' अशी हमी जाहिरातीतच होती. ती वाचून आम्हांस संतोष वाटल्याचे आजही स्मरते. जागा पाहावयास गेलो तेव्हा तिच्यामधून एक पायवाट गेलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली व पायांनी तुडविली. पण ती कोणाची, कोठे जाते, हे विचारण्याचे सुचले नाही. पुढे घरातील एका आजारपणात शिल्लक संपली आणि व्यवहार मोडला. आम्ही वाटमारे झालो नाही ह्याचे श्रेय आमच्या सद्बुद्धीस नसून आमच्या दारिद्र्यास आहे. म्हणूनच हा लेख आम्ही न्यायाधीशाच्या आसनावरून लिहीत नाही. थोडक्यात सुटलेल्या आरोपीच्या जागेवरून लिहितो.

नुसती टीका करून थांबणे सोपे आहे. म्हणून दोनतीन साध्या गोष्टी सुचवितो. ज्यांस डोंगराखाली जमीन घ्यावयाची आहे त्यांनी सातबारा पाहण्याबरोबर गावनकाशाही पाहावा. आणि नकाशावर रेघ असो वा नसो, जमिनीवर उभे राहून पावलांनी दबलेली जागा कोठे दिसते ते पाहावे. दिसल्यास गावातील एखाद्या म्हातारीस विचारावे. नकाशाहून तिचे स्मरण अधिक विश्वसनीय असते. कुंपण घालावयाचेच तर वाटेच्या दोन्ही तोंडांशी माणूस मोळीसह जाईल एवढी मोकळीक ठेवावी. त्याने जमीन काही गुंठ्यांनी कमी भासेल. शेजार मात्र अनेक घरांनी वाढेल. गड चढणाऱ्या तरुणांनी मोटारीने पायथा गाठून चढउतार करण्याऐवजी वर्षातून एकदा तरी गावाहून गावास चालत जावे. कारण वाटेचा हक्क वापराने टिकतो, आणि वाट वापरणारा प्रत्येक जण, नकळत का होईना, त्या म्हातारीच्या बाजूने साक्ष देत असतो. आमच्या महाविद्यालयांनीही हे काम अंगावर घेण्याजोगे आहे. प्रत्येकाने आपल्या तालुक्यातील वाटा विद्यार्थ्यांकडून चालवून घ्याव्यात, त्यांची नावे, त्यांचे वापरणारे, त्यांवरील अडथळे ह्यांची टिपणे करावीत व एकेक प्रत त्या त्या ग्रामसभेस द्यावी. आमच्याबरोबर आलेल्या दोघांनी जुन्नर तालुक्यापुरती अशी वही घातली आहे. तीत पहिली नोंद त्या 'रानवाटे'ची आहे; ही वाट अडविल्यास सहा महिने झाले की नाही, ह्याची चौकशी ते सध्या करीत आहेत.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी आमच्या त्या स्नेह्यांस वाचून दाखविणे आम्हांस उचित वाटले. पाठीमागे बोलण्याची आमची रीत नव्हे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. कायद्याच्या कलमांवर त्यांनी वाद केला नाही, मालकीचा मुद्दाही काढला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अंगणातून माणसे जाऊ लागली तर आमचा कुत्रा फार भुंकेल हो." आम्ही म्हटले, "महिनाभर भुंकेल. मग माणसे ओळखू लागेल." त्यावर ते काही बोलले नाहीत. संक्रांतीस त्यांनी पुन्हा जेवावयास बोलाविले आहे. आम्ही जाणार आहो. मात्र सडकेने नव्हे, डोंगराच्या बाजूने, त्या जुन्या वाटेने येऊ, असे कळविले आहे.